उत्तरपक्ष राहिला, ताई

प्रिय ताई,

आज मुक्ता माझ्याशी बोलली. तू गेल्यापासून तुझी ही लेक माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती. आज जिन्यात गाठून म्हणाली, "मामा, तू आईला ऑपरेशनसाठी तयार करायला गेला होतास ना? मग तिच्याच बाजूचा होऊन कसा आलास?" आणि निघून गेली. पेपरातल्या सदरात अख्ख्या जगाची टोपी उडवणारा मी, मुलुंडच्या त्या जिन्यात तिच्यामागे चार पायऱ्या उतरलो आणि परत फिरलो! तिला काय सांगू गं? म्हणून तुला लिहायला बसलोय.

सगळं तुझ्या त्या पूर्वपक्षामुळे झालं. नववीच्या पोरांना काय एकेक वळण लावलंस! कुणाला काही पटवायचंय? मग आधी त्याचं म्हणणं मांडायचं, तेही असं की त्यानेच मान डोलवावी. हा पूर्वपक्ष. आपलं उत्तर त्यानंतर. "जुन्या शास्त्र्यांची रीत आहे ही, पक्या. तुझ्या सदरासारखी एकतर्फी धुलाई नाही," हा टोमणा वर मला! वर्गात मोबाइल हवा म्हणणाऱ्या पोराला तू आधी मुख्याध्यापकांची बाजू लिहायला लावलीस. सर ती वाचून म्हणाले, "मलासुद्धा इतकं नीट सांगता येत नाही हो."

परवा शाळेतल्या शोकसभेत काय झालं, माहितेय? तुझी एक विद्यार्थिनी उठली आणि सुरुवातच केली, "बाई खडूस होत्या. पूर्ण मार्क कधी द्यायच्या नाहीत. घंटा झाली तरी सोडायच्या नाहीत." सर खोकायला लागले. बिचारीला मध्येच खाली बसवलं! तिचं उत्तर हातातल्या कागदावरच राहिलं. सभागृह तिच्यावर चिडलेलं, आणि मी एकटा हुंदके देतोय.

कारण माझंही तसंच राहिलं ना.

दुसऱ्या ऑपरेशनला तू नाही म्हणालीस, तेव्हा मी मुद्दे घोकून आलो होतो. डॉक्टरांचं म्हणणं, मुक्ताचं कॉलेज, सगळं. तू उशीला टेकलीस आणि म्हणालीस, "आधी माझी बाजू मांड. मला पटली पाहिजे हां!"

मांडली. म्हटलं, पहिल्या ऑपरेशननंतर हिला साधा घास गिळताना रडू यायचं. डॉक्टर आता बरं होण्याचं बोलतच नाहीत, थोडे दिवस वाढण्याचं बोलतात. ते दिवस हिला नळ्या लावून छताकडे बघत काढायचे नाहीत. खिडकीशी बसून पेपर तपासायचेत, लेकीशी भांडायचंय, फोडणीचा वास घ्यायचाय. तू मान डोलावलीस. हसलीससुद्धा. "झकास! आता तुझं उत्तर?"

उत्तर द्यायचं सोडून मी तुझी उशी सारखी करत बसलो. भांडायला आलेल्या भावाला स्वतःचा वकील करून टाकलंस! आजारी माणसाने असा डाव टाकायचा असतो का गं?

उत्तर आत्ता सुचतंय. तू मला हवी आहेस. बस, एवढंच. तू लाल पेनाने समासात लिहिलं असतंस, "हा हट्ट झाला. मुद्दा कुठाय?" नसेल मुद्दा! पण तो हट्ट एकदा तुझ्या कानावर घालायचा तरी होता. तू ऐकलं नसतंस, ठाऊक आहे मला. तरीही.

उद्या मुक्ताकडे जातोय. तिची बाजू मी मांडणार आहे. मामाने आईला अडवलं नाही. आईची लेक बाहेरच्या खोलीत बसली होती, तिला आत बोलावलं नाही. दोघा बहीणभावांनी परस्पर ठरवून टाकलं, आणि पोरीला नुसतं कळवलं. ती मान डोलावेपर्यंत मांडेन. मग गप्प बसेन. "तुझ्या आईलाच तसं हवं होतं," हे माझ्या तोंडून निघणार नाही. ती रडली तर रडू देईन, ओरडली तर ऐकून घेईन. तुला शब्द देतो, ताई.

तुझ्यापुढे कायम हरणारा,
पक्या