दर्याची हद्द

२५ ऑगस्ट, सोमवार

बांध फुटला. आमच्याच वाट्याला फुटला. लावणी केलेलं सगळं भात खाऱ्या पाण्याखाली.

आणि मी रोज एक पान देवाच्या थोरवीवर लिहायचं आहे. वा!

२६ ऑगस्ट, मंगळवार

काल दोन ओळींच्या पुढे गेले नाही. आज सगळं लिहिते. राग कुठेतरी काढायला हवा, आणि घरात काढला की बाबांचं – सासऱ्यांचं – जेवण राहतं.

दर्याच्या बांधाची घरटी वाटणी आहे. आमचा तुकडा बाबांच्या आजोबांपासून आमचा. उधाण आलं की घरटी एक माणूस बांधावर जातो. आधी देवापुढे गावकीचा नारळ फुटतो. ज्याने त्याने खोबऱ्याचा तुकडा खायचा, मग आपापल्या वाट्याला उभं राहायचं. पाणी झिरपलं की चिखल थापायचा. एवढंच. आम्ही विश्वासी, म्हणजे येशूचे, झाल्यापासून प्रज्योत तुकडा हातात घ्यायचा आणि सगळ्यांची पाठ वळली की पाण्यात टाकायचा. (तोंडावर ‘अहो’, वहीत प्रज्योत. वहीत कुणाची भीती?) अख्ख्या गावाला माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. सुखाने चाललं होतं.

पण आमचे पास्टर जीवन मागच्या रविवारी म्हणाले, लपवाछपवी कशाला, धैर्याने नाही म्हणा. प्रज्योत नाही म्हणाला धैर्याने! नामाकाका – बाबांचे चुलतभाऊ, गावकीचे पंच – तडकले. “तुकरा नको त बांधाला हात पन लावू नको. तुमचा देव घालंल दर्याला हद्द!” आणि आमचा शहाणा घरी आला. फावडं कोपऱ्यात ठेवलं, जेवला आणि आडवा झाला. तो उठायच्या आधी भरती शेतात पोचली.

एकाने खोबरं नको म्हटलं, दुसऱ्याने हात नको म्हटलं, तिसरा दोघांचंही ऐकून घरी आला. तिघेही देवभक्त!

२८ ऑगस्ट, गुरुवार

गावात गणपती बसले आहेत. आरत्यांचा आवाज इथवर येतो. गौरी-गणपती होईपर्यंत गावकी काही करणार नाही. केलंय ते एवढंच, की आमच्या शेताच्या कडेने आतल्या बाजूला माती टाकून घेतली आहे, त्यांच्याकडे पाणी येऊ नये म्हणून. आम्ही बाहेर. समुद्राच्या बाजूला.

आज बायबलातलं स्तोत्र आठवं. आकाश पाहिलं, चंद्र पाहिला, तारे पाहिले, तेव्हा माणूस तो काय की तू त्याची आठवण ठेवावीस – असा अर्थ. मलाही हेच विचारायचं आहे, पण जरा वेगळ्या सुरात. आठवण ठेवतोस ना? मग रविवारी दुपारी कुठे होतास?

पास्टरांनी या वहीला घातलेला नियम असा – मागणं नको, गाऱ्हाणं नको, फक्त तो केवढा आहे ते पाहा. वरचं गाऱ्हाण्यात मोडतं. मोडू दे.

३१ ऑगस्ट, रविवार

मंडळीच्या उपासनेत सगळे हळहळले. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणाले, “ताई, तुमची कसोटी आहे. आता तर स्तुतीला खरी किंमत येईल. २८ सप्टेंबर पक्का ना?” त्या दिवशी सगळ्यांपुढे उभं राहून मी थोरवीचं मनन सांगायचं आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पास्टरांचं शेत नाही. पनवेलला फ्लॅट आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

लिहिलं नाही. लिहायचं नव्हतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या शेतात जिताडा सापडला! हाताएवढा. नामाकाकांच्या पोरांनी जाळं लावलं होतं – आमच्या भातावर. नीराबाईने, म्हणजे नामाकाकांच्या बायकोने, वाटीभर कालवण पाठवलं. वर निरोप – “तुमच्याच शेतातला हाय.” ही चेष्टा होती की माया, मला अजून कळलेलं नाही. बाबांनी चाटूनपुसून खाल्लं. म्हणाले, नीरा हात राखून मीठ घालते. मी म्हटलं, मिठाची काय कमी आहे आता?

संध्याकाळी त्यांना एकशेचौथं स्तोत्र वाचून दाखवलं. बाबांना वाचता येत नाही, पण हे अर्धं पाठ आहे. बाबा भरमसाट दारू पीत होते त्या काळात कुणीतरी त्यांच्या खाटेशी बसून हेच वाचलं होतं म्हणे. त्यात समुद्र आहे, त्यात लहानमोठे असंख्य जीव आहेत, आणि पाण्याला अशी हद्द आहे की ते पुन्हा येऊन जमीन झाकणार नाही.

तिथे मी थांबले. बाबा म्हणाले, “वाच की.”

“बाबा, झाकलीय की हो जमीन.”

“वाच तू.”

वाचलं. शब्द तोंडात वाळूसारखे लागत होते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नागावला होमस्टेत भाकऱ्या करायला जाते, तिथे उतरलेली मुंबईची बाई येताना रस्त्यात थांबून आमच्या शेताचे फोटो काढून आली. मला दाखवले. “किती शांत वाटतं ना! देव आहे असं वाटतं अशा जागी.” मी भाकरी उलटली. जरा करपलीच.

९ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन झालं. प्रज्योत नामाकाकांकडे गेला होता. खांड, म्हणजे बांधाचं भगदाड, बुजवायला घरटी माणूस लागतो, आम्हा दोघांच्या हाताने ते होत नाही. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं, पाणी उतरलेलं असेल तेव्हाच करायला हवं, म्हणजे याच आठवड्यात. सर्वपित्रीचं उधाण आलं की खांड दुप्पट होईल आणि मग विषय संपला. एकदा कांदळ – खारफुटी – धरली की ती जमीन पुन्हा शेत होत नाही. पलीकडच्या गावात आम्ही पाहिलंय. तिथल्या पाटलांचं सगळं शेत आता बगळ्यांचं आहे.

नामाकाका म्हणाले, येतो. अख्खी गावकी येते. पण आधी सगळ्यांपुढे तुकडा खायचा. पाठ वळवून टाकायचा नाही, चावून गिळायचा.

प्रज्योतने पास्टरांना फोन केला. पास्टर म्हणाले, विश्वास ठेवा, देव दुसरा मार्ग काढील. प्रज्योत फोन ठेवून उरणची गाडी धरून ट्रेलर चालवायला निघून गेला. सहा दिवसांची फेरी घेतली आहे मुद्दाम. सापडला तोच मार्ग!

मी खाल्ला असता. खरंच लिहिते – एक नाही, अख्खा नारळ खाल्ला असता. पण बाईने खाल्लेला चालत नाही. घरटी माणूस म्हणजे पुरुष. हे मात्र पास्टर आणि नामाकाका दोघांनाही मान्य.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाबा काठी टेकत शेतापर्यंत गेले. मी मागे. पाणी उतरलेलं होतं, भात कुजून काळं पडलेलं. त्यात मधेच एक हिरवी शेंग चिखलात उभी रुतलेली आणि तिला दोन पानं. कांदळ.

बाबा वाकून बघत राहिले. उपटली नाही. मला वाटलं रडताहेत. तसं काही नव्हतं. म्हणाले, “कशी सरल उभी हाय बघ. कोनी लावली? कोनी न्हाय.”

मला एवढा संताप आला! आपलं शेत मरतंय आणि हा माणूस कांदळीचं कौतुक करतोय. मी म्हटलं, तुमच्या देवाने लावली. ते म्हणाले, “व्हय.” टोमणा लागलाच नाही.

स्तोत्र एकशेपंचेचाळीस. त्याच्या थोरपणाचा थांग लागत नाही. हे मात्र खरं. मला तर मुळीच लागत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाबांनी खोबरं खाल्लं.

मला न सांगता गेले. नीराबाई धावत सांगायला आली, धापा टाकत. गावकी देवळापाशी बसली होती. बाबा जाऊन मधे उभे राहिले, म्हणाले, “नामा, फोर नारल.” नामाकाकाच हडबडले. म्हणाले, “कालूदादा, तू न्हवं, पोराला पाठव.” बाबा म्हणाले, घराचा माणूस मी. तुकडा घेतला, दात नाहीत म्हणून कितीतरी वेळ चघळत बसले, आणि सगळी गावकी त्यांचं तोंड बघत राहिली. नीराबाई म्हणते, कुणाला हसू आलं नाही.

घरी आले तेव्हा मी नको नको ते बोलले. तीन आठवडे आम्ही कशासाठी मेलो? तुमच्या मुलाने ज्याच्यापायी शेत घालवलं ते तुम्ही शेंगदाणा खाल्ल्यासारखं खाऊन आलात!

बाबांनी चूळ भरली. म्हणाले, “पोरी, तू रोज वाचतेस तो केवरा हाय? आभाल त्याचं, दर्या त्याचा. आनि खोबऱ्याच्या तुकऱ्यानं बारीक व्हतो?”

मला ते पटलं. त्याचाही राग आला.

१५ सप्टेंबर, सोमवार

खांड बुजली! दोन दिवस अख्खं गाव चिखलात. पेंढा, बांबू, माती. हातोहात चिखलाचे गोळे. मी चहा करत होते, नीराबाई माझ्या बाजूला, एकमेकींशी बोलणं नाही पण कपबशा धुवायच्या एकत्र. पुढच्या पावसात मीठ धुऊन निघालं की परवा-तेरवा वर्षी भात येईल, म्हणतात. परवा-तेरवा वर्षी तर परवा-तेरवा वर्षी.

प्रज्योत फेरीवरून आला. बघून बापाच्या पाया पडला. फावड्याला मात्र हात लावला नाही, काम संपलंच होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पास्टर आले होते. बातमी पोचायला वेळ लागत नाही. बाबांसमोर बसले, हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी. खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त चीड आली. म्हणाले, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा, मीही तुमच्यासोबत म्हणतो. बाबा म्हणाले, “पश्चात्ताप वाटला त सांगीन.” मग पास्टर म्हणाले, तोवर प्रभुभोजन देता येणार नाही. बसायचं तर मागे बसा.

बाबांनी मान डोलवली. मला म्हणाले, चहा ठेव यांना.

ठेवला. साखर घातली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

बाबा मंडळीत दाराशी बसले, चपलांच्या बाजूला. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पुढून फिरला, त्यांच्यापर्यंत आला नाही. वीस वर्षं हा माणूस पहिल्या सतरंजीवर बसतो. प्रज्योतने माझ्याकडे पाहिलं नाही. मी घेतलं. घेतलं आणि गिळवेना.

पुढचा रविवार माझा आहे. कागदावर एक ओळ नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दुपारच्या उधाणाला बांध गेला. आमचा नाही. आमचा राहिला. नामाकाकांच्या वाट्याचा गेला, आणि तिथून पाणी शिरलं ते थेट देवळाच्या पायरीपर्यंत. त्यांचं गेलं, आमचं पुन्हा गेलं, सगळ्यांचं गेलं. या वेळी माती टाकायलाही कुठे कोरडं उरलं नाही.

नारळ फुटला होता. सगळ्यांनी खाल्ला होता. बाबांनीसुद्धा.

नामाकाका बांधावर बसून होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मला आनंद व्हायला हवा होता. महिनाभर मी याच दिवसाची वाट बघितली, हे या वहीला माहीत आहे. आनंद झाला नाही. पाण्याचा आवाज एवढा मोठा होता की नीराबाई रडतेय हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं. स्तोत्र त्र्याण्णव आठवलं – पाणी गर्जतं आणि तो त्या पाण्याहून मोठा. मला आत्तापर्यंत वाटायचं हे दिलाशासाठी लिहिलंय. मी बांधावर उभी होते आणि एकेक पाऊल मागे सरत होते.

२८ सप्टेंबर, रविवार

उभी राहिले. कागद नव्हता. म्हटलं, देवा, तू थोर आहेस. दर्या तुझा, हद्द तुझी, आणि तू ती मोडू दिलीस. माझा तुझ्यावर राग आहे. तरी तू थोर आहेस. मला एवढंच येतं.

खाली बसले. कुणी टाळी वाजवली नाही. पास्टर गाण्याचं पान शोधत राहिले.

मागून, चपलांपासून, बाबा मोठ्यांदा म्हणाले, “आमेन!”