करवतीवरचं झाकण

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. डाव्या हाताचं अक्षर आता छान वळणदार झालंय. "दादा, दुखणं प्रभूबरोबर सोस, तो तुझ्यात आहे," असं लिहिलंस.

कॅन्सरनं पाठ पोखरली तरी मी हूं की चूं करत नाही, म्हणून चर्चमध्ये मला संत म्हणतात. पाळकसाहेब म्हणाले, "ज्यानं इतकं सोसलं, त्याचं पापाशी नातं तुटलं." मी मान डोलावली. माझं कुठलं तुटायला!

कारखान्यात करवतीवरचं झाकण मीच काढलं होतं, काम भराभर उरकावं म्हणून. तुझा उजवा पंजा गेला. मालकाला मी सांगितलं, "झाकण जागेवर होतं, यानंच खालून हात घातला." तुझी नोकरीही गेली, आणि तू अजून स्वतःलाच वेंधळा म्हणतोस. माझं पाप तू सोसतोयस. प्रभूबरोबर तू आहेस रे, मी नाही.

तुझ्या हाताला बांधायला चिंधी शोधण्यात मला उशीर झाला, असं तुला वाटतं. चिंधी माझ्या खिशातच होती. तू ओरडत होतास, आणि मी झाकण परत बसवून त्याचे स्क्रू आवळत होतो.

तुला लिहिलेली, पण न धाडलेली आधीची तीन पत्रं बायबलमध्ये आहेत. हेही तिथेच ठेवतो.

तुझा,
अजून दादा म्हणवून घेणारा