ॲनाबाईचं अकरावं मूल

गोळीबार चौक, नागपूर
९ डिसेंबर २०२४

ती. सिंधूताई,

कामिनीचा तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा, कारण सध्या उमरेडच्या घरात त्यांचंच राज्य आहे असं तुमची सूनबाई मोनाली सांगत होती.

पत्र बघून घाबरू नका. सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूलही करत नाही. मागच्या वेळी मी विचारलं, "ताई, जेवण झालं का?" तर तुम्ही लेकाचं काढलंत, म्हणालात, "हाव, अभिजीतनं दरवाज्याले रंग देल्ला." तेव्हाच ठरवलं, नीट सांगायचं ते लिहूनच सांगायचं.

इकडे थंडी बरी पडली आहे. सांबाराच्या हिरव्या जुड्या स्वस्त झाल्यात म्हणून काल सांबारवडी केली. एकटीसाठी तळण काढायचं जिवावर येतं. तुमचे भाऊ असताना मी कढई ठेवायच्या आधीच पाटावर बसलेले असायचे. चार वड्या मी खाल्ल्या, बाकीच्या वरच्या भाडेकरूंना दिल्या.

हर्षा मजेत आहे. तुमची भाची आता तिकडे अमेरिकेत मक्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवते. लग्नात तुम्ही जावयाला, केव्हिनला विचारलं होतं, "शेती करता म्हंता, मंग एवढे गोरे कसे?" ते तो अजून सगळ्यांना सांगतो. त्याची आई डोरथी माझ्याच वयाची. आमचं दर रविवारी व्हिडिओवर बोलणं होतं. माझं इंग्रजी शाळेतलं, तिचं शेतातलं, पण जमतं. विहिणीशी इतकं पटलेलं मी तरी आमच्यात कोणाचं पाहिलं नाही.

डोरथी आपल्या सासरच्या घराण्याचं पुस्तक करते आहे. तिची नजर अधू झाली, म्हणून जुन्या कागदांचे फोटो ती मला पाठवते आणि मी मोठे करून वाचते, टाइप करते. जन्मभर तिसरीच्या पोरांच्या वह्या तपासल्या, मला कोणाचंही अक्षर लागतं. वर्ष झालं या कामाला. दुपार कशी जाते कळत नाही.

हे घराणं मूळचं स्वीडन देशातलं. दीडशे वर्षांपूर्वी निल्स आणि ॲना हे नवरा-बायको बोटीनं आणि पुढे बैलगाडीनं नेब्रास्काच्या माळावर आले. तिथे ना झाड, ना दगड. मग गवताच्या मुळ्यांसकट मातीच्या लाद्या कापल्या आणि त्या एकावर एक रचून घर केलं. पाऊस आला की छतातून चिखल गळायचा. ताटावर कापड धरून जेवायचे म्हणे. जमीन सरकारनं फुकट दिली होती. मी आपलं विचारलं, "फुकट दिली ती आधी होती कोणाची?" डोरथी म्हणाली, पॉनी नावाच्या तिथल्या आदिवासींची, त्यांना तिथून हलवलं. पुढच्या रविवारी तिनं पुस्तकाचं पहिलं पान बदललेलं दाखवलं. बाई सरळ आहे.

मी तिला ॲनाबाई म्हणते. आता डोरथीही म्हणते, "ॲनाबाय". या ॲनाबाईपाशीच आमचं घोडं अडलं होतं. त्यांच्याकडे १९०० सालच्या शिरगणतीत प्रत्येक बाईला विचारलं होतं, तू किती मुलांची आई, आणि त्यातली आज किती आहेत. ॲनाबाईच्या नावापुढे लिहिलं होतं, अकरा, आणि सात. डोरथीजवळ नावं होती दहाच. ती म्हणाली, मोजणाऱ्यानं चूक केली असेल. मी म्हटलं, मोजणारा चुकेल, सांगणारी नाही चुकायची.

मग केव्हिनला कामाला लावलं. त्यांच्या शेताच्या कडेला घरचीच दफनभूमी आहे. दगडांवर शेवाळ धरलं की त्यावर पाणी शिंपडतात आणि ऊन तिरपं झालं की फोटो काढतात, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. ॲनाबाईच्या मोठ्या दगडामागे गवतात रुतलेला एक वीतभर दगड निघाला. त्यावर नाव नाही, साल नाही. नुसतं लिहिलंय, "आमची लहानगी".

डोरथी रडली. मग डोळे पुसून तिनं माझ्याकडून टाइप करून घेतलं: अकरावी, मुलगी, नाव ठेवलेलं नाही.

ताई, मी मुद्द्यावर येत नाहीये हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्हाला मी काही आज ओळखत नाही, तुम्हीही मला.

त्या पुस्तकात शेवटी आपलंही एक पान असणार आहे. सूनबाईचं माहेर, नागपूर. तुमच्या वडिलांचं नाव, घरच्या हातमागाचं, सगळं मी लिहून दिलं. गेल्या रविवारी डोरथीनं सहज विचारलं, "आणि तू, कामिनी? किती मुलांची आई?" तिच्या शेजारी हर्षा बसली होती. मी म्हटलं, एक. डोरथीनं लिहून घेतलं. चहा गॅसवर आहे असं सांगून मी फोन ठेवला.

एक नाही ना हो, ताई.

हर्षाला मी कधी सांगितलं नाही. तुमच्या भावाशीही मी त्या विषयावर पुन्हा बोलले नाही, आणि ते गेले. आता माझ्या पहिलीला पाहिलेल्या अशा आपण दोघीच उरलो आहोत. बारशाला दोनच दिवस राहिले होते. तुम्ही उमरेडहून आधीच येऊन बसला होता, पाळण्याला पताका लावत होता. सगळ्यांनी तुमच्या मागे लकडा लावला होता, आत्याबाई, नाव तरी सांगा. तुम्ही म्हणत होता, "कानातच सांगीन. आत्ता सांगतलं तं मंग बारशाले का सांगू?" माझ्या मांडीवर ती होती, मुठी आवळून झोपलेली. तिचं कपाळ तुमच्यासारखं रुंद होतं. हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगतेय.

त्याच संध्याकाळी ताप चढला आणि सकाळी ती गेली.

पुरुष तिला घेऊन गेले. कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. मामंजी गेले तेव्हा तेरा दिवस माग बंद होता. तिच्यासाठी दुसऱ्याच दिवशी माग सुरू होऊन धोटा फिरला. मी आतल्या खोलीत पडून तो आवाज ऐकत होते आणि मला त्या मागाचा इतका राग आला होता की उठून सगळं सूत तोडून टाकावंसं वाटलं. तुमच्या आई जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बारसं झालं नाही वं. ते लेकरू आपलं मोजत नसते." त्यांना मी दोष देत नाही. त्यांचीही दोन तशीच गेली होती. त्यांनाही कोणीतरी हेच सांगितलं असणार. पुढे हर्षा झाल्यावर जनगणनेच्या बाई दारात आल्या तेव्हा त्यांनीच माझ्या वतीनं परस्पर उत्तर दिलं होतं, "एकच पोरगी हाय हिले." आणि मी आतून पाणी आणून दिलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही उमरेडला गेलात. जाताना माझ्याकडे बघितलं नाहीत. मला तेव्हा वाटलं, ताईंना राग आला. आता माझ्या वयात कळतं की तो राग नव्हता.

हर्षाच्या बारशाला तुम्ही पाळण्यात वाकलात, बायकांनी तुमच्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली, तरी तुम्ही उठेनात. एका नावाला इतका वेळ लागत नाही. तेव्हापासून माझ्या मनात आहे, पण विचारायची हिंमत झाली नाही. असंही वाटायचं, पहिलीसाठी ठरवलेलं नावच तुम्ही हर्षाला दिलं असेल तर? मग तिचं म्हणून काहीच उरलं नाही.

डोरथीचं पुस्तक नाताळ झाला की छापायला जाणार. मला तिला सांगायचं आहे, कामिनी दोन मुलींची आई. पण "नाव ठेवलेलं नाही" असं मला नाही लिहायचं. ॲनाबाईच्या पोरीचं नाव कोणाला ठाऊकच नव्हतं. माझ्या पोरीचं नाव ठरलेलं होतं. फक्त ते तुमच्याजवळ राहून गेलं.

ताई, इतक्या वर्षांनी तुम्ही विसरला असाल तर तसं लिहा, मी समजून घेईन. आठवत असेल तर एका चिठ्ठीवर तेवढं नाव लिहून पाठवा. मोनालीनं वाचून दाखवलं तरी चालेल. लपवायचं ते फार लपवून झालं.

तुमच्या नावाची वाट पाहणारी,
कामिनी


उमरेड
१६ डिसेंबर

कामिनी,

तुले माहा आशीर्वाद. मोनाली लिहून राहिली, मी बोलून राहिली. तिले म्हटलं, बोलतो तसंच लिही, पुस्तकासारखं करू नको.

पहिले हे आईक. मले फोनवर सगळं आयकू येते. नवा रंग देल्ला तं कोणी विचारतच नव्हतं, म्हून सांगतलं.

तुहं पत्र मोनालीनं दोनदा वाचाले घेतलं आन् दोन्ही डाव मधातच रडत बसली. मंग मीच चष्मा लावला.

नाव इसरली नाही वं. कशी इसरीन? एष्टीत बसून येत होती तं रस्ताभर मनातल्या मनात तेच नाव म्हणत आली. वापस जाताना बी म्हणत गेली. तुह्याकडे पाहिलं असतं तं तोंडातून निघून गेलं असतं, म्हून नाही पाहिलं. मले वाटे, कामिनीनं विचारलं तं सांगीन. तुले वाटे, ताईनं सांगतलं तं आयकीन. दोघी बी येड्या. चाळीस वर्सं घालवली आपण.

हर्षाच्या बारशाचं तुले दिसलं होतं म्हणजे. मले वाटलं, कोणाले समजलं नाही. हाव, दोन नावं सांगतली. पहिले तिच्या बहिणीचं, मंग तिचं. मोठीचं राहिलं असताना लहानीचं कसं सांगाव? तुह्या हर्षानं आयकलं हाय ते नाव. तिले ठावं नाही, एवढंच.

आता तू म्हणते, चिठ्ठीवर लिहून पाठवा. ते होत नसते. नाव पहिले कानात सांगा लागते, मंग कागदावर. मोनालीले बी सांगतलं नाही, ती रुसून बसली हाय. पाळणा नाही तं नाही, लेकराची माय तं हाय. अभिजीत मले रविवारी सकाळी आणून सोडते. पहिले तुह्या कानात सांगीन, मंग हर्षाले फोन लाव, मंग तुह्या त्या विहिणीले सांग.

कपाळाचं लिहिलं ते बरं केलं. मले कोणी सांगतलं नव्हतं.

गुडघ्याचं मी पाहून घेतो. बायका जास्त बलावू नको, पाठीत आता हाडंच राहिली. जेवण साधं कर. पन घुगऱ्या मातर भिजू घाल. बारशाले लागते.

तुह्या दोन्ही पोरींची आत्या,
सिंधू