पळसाच्या फाट्यावरच्या पट्ट्या

जिंतूर
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजेश्री,

नमस्कार. रविवारी तुझा भागवत तुझी सायकल माझ्या ओट्यावर ठेवून गेला आणि जाताना जे बोलला, त्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर जमलं नसतं. तू मध्ये बोलतेस.

माझं बरं आहे. सुमनबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून शिलाई मशीनवर बसतात, कुणाचं ऐकत नाहीत. नोव्हेंबरपासून माळावर आम्ही दोघी गेलो नाही.

भागवतला चहा दिला. म्हणाला, "मावशी, ही सायकल आता तुमच्याकडंच राहू द्या. आईला एकटं ठेवून जमत न्हाई. बोरीचं घर किरायानं द्यायलोय, आई मानवतला आमच्याजवळच राहील. शुक्रवारी डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचंय. तुमी संग चला."

"मी कशाला?"

"खुणा बांधलेल्या होत्या अन् आईला दिसल्या न्हाईत, हे तुमी सांगा. तुमी हेडबाई. तुमचं ऐकतेल. आई तर आता सोताच म्हणायलीय, माझं डोकं गेलं म्हणून. गॅस बंद केला का, चार-चारदा उठून बघायलीय."

चार-चारदा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटता ठेवून सिनेमाला गेलेली बाई तू.

भागवतचा राग आला. मग तुझा आला. चाळीस वर्षं माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाहीस, आणि पोरानं सांगितलं म्हणून वेडी व्हायला तयार झालीस? इतक्या लवकर?

नोव्हेंबरातल्या त्या दिवसाबद्दल लिहिते.

पट्ट्यांचा नियम माझा. माळावर गुरांच्या वाटा सगळ्या सारख्या दिसतात, म्हणून जाताना पुढच्या सायकलनं प्रत्येक फाट्यावर सुमनबाईंच्या अस्तराची लाल पट्टी बांधायची. परतताना जी सगळ्यांत मागे असेल, तिनं ती सोडून आणायची. पुढे मी, मागे तू. त्याचं कारण कधी सांगितलं नाही. उतारावर आपल्यात सगळ्यांत चांगली तू होतीस. मी दोन्ही ब्रेक आवळून, दात आवळून उतरायची. तू पेडलवर उभी राहून, अंग मागे टाकून, त्या सुट्या मुरमावरून ओढ्यातलं पाणी यावं तशी यायचीस. साठीला. माझ्या पुढे जायचं नाही हा नियम मी त्यासाठी केला होता. सुरक्षितता वगैरे नंतर सुचलं.

त्या दिवशी परतताना तू जंगलाच्या कडेला बोरं वेचत बसलीस. मी खालून हाक मारली. तू वरून ओरडलीस, "सत्ये, रिटायर झालीस तरी शाळेची घंटा गळ्यातच का गं?" सुमनबाई इतक्या हसल्या की त्यांना सायकलवरून उतरावं लागलं. मी हसले नाही. त्यांना पुढे जायला सांगितलं आणि पळसाच्या फाट्यावर तुझी वाट पाहिली. दहा मिनिटं. तू आली नाहीस. मला वाटलं, तू वरच्या वाटेनं पुढे निघून गेली असशील, म्हणून मी पट्ट्या काढल्या.

हे शेवटचं वाक्य मी तीन महिने घोकून ठेवलंय. ते खोटं आहे. तुझ्या मडगार्डचा खडखडाट मला वरून ऐकू येत होता. तू मागेच आहेस हे मला माहीत होतं. तुला अद्दल घडावी म्हणून मी पट्टी ओढली. आधी पळसाची, मग खाली बाभळीची, मग नाल्याजवळची. शोधू दे एकदा स्वतःची वाट, असं मोठ्यानं म्हणाले. अर्धा तास भटकशील, घामाघूम होऊन येशील आणि मी घड्याळ दाखवीन, एवढाच माझा बेत होता. त्या बाजूला वनखात्यानं नवे चर खोदलेत, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं ते तेवढंच.

तू दोन तास चरात पडून होतीस. मेंढरं घेऊन आश्रुबा तिकडून आले म्हणून सापडलीस. खुबा मोडलेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात भागवतनं विचारलं, "मावशी, खुणा होत्या ना?"

मी म्हणाले, "होत्या."

खोटं बोलल्याबद्दल किती पोरं मी बाकावर उभी केली असतील.

खुणा नव्हत्या, राजेश्री. त्या माझ्या खिशात होत्या. तू नीट पाहिलंस, आणि नव्हत्या म्हणून तुला दिसल्या नाहीत. तुझं डोकं शाबूत आहे. गॅस एकदाच बघ.

शुक्रवारी मी येते. डॉक्टरांपुढे, तुझ्यादेखत हेच सांगीन. या पत्राची एक प्रत भागवतला वेगळ्या पाकिटात दिली आहे, कारण तुला माझी दया येईल आणि तू हे फाडून टाकशील. बोरीच्या घराची किल्ली मागून घे. त्यानं खळखळ केली तर सुमनबाईंना कळव. माझ्याशी बोलण्याची सक्ती नाही.

माफी मागत नाही. मागितली की तू लगेच देशील, हसत देशील, आणि मी पुन्हा ब्रेक आवळून तुझ्या मागे. ते मला सोसणार नाही.

त्या फाट्यावर थांबायला हवी होती ती,
सत्यशीला

सुमनबाईंचा बजरंग मानवतला पिकअप घेऊन निघालाय, त्याच्या ताब्यात दिलं ते:
तुझी सायकल. पुढचं चाक सरळ करून घेतलंय, हवा भरली आहे.
हेल्मेट. डाव्या बाजूला तडा आहे, तो तसाच ठेवलाय.
पंप.
लाल पट्ट्या, तीन. सोडलेल्या नाहीत, ओढून फाडलेल्या. गाठी अजून तशाच आहेत. भागवतला दाखव.