कोपराची खूण

मंगळवार, २

नाही म्हणजे नाही! फिल्म सोसायटीच्या सेक्रेटरींना फोनवर स्पष्ट सांगितलं. तर म्हणे, "बरं, मग रविवारी जरा लवकर या." या माणसाला नकार ऐकूच येत नाही.

जुने विनोदी सिनेमे आणलेत त्यांनी. माझ्या आजीच्या तरुणपणातले, काळे-पांढरे. श्रीमंत मुलगी, फाटका तरुण, मध्ये एखादं जनावर, आणि सगळे इतक्या वेगात भांडणार की श्वास घ्यायला कोणाला सवड नाही. पडद्यावर आपल्या भाषेत एक अक्षर उमटत नाही. म्हणून सोसायटीची जुनीच पद्धत — सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत एक बाई आणि एक पुरुष बसवायचे, पुढ्यात माईक, हातात भाषांतराची पानं. पडद्यावरच्यांनी तोंड उघडलं की आपण बोलायचं. वर्षानुवर्षं ती बाई मी आणि तो पुरुष डॉक्टर. डॉक्टर म्हणजे माझा नवरा. दातांचा. या महिन्याच्या सव्वीस तारखेपर्यंत नवरा, मग नुसता डॉक्टर.

"एवढ्या वेगाने भांडणारं दुसरं जोडपं मी कुठून पैदा करू?" — इति सेक्रेटरी.

बुधवार, ३

सासूबाईंनी परस्पर होकार कळवून टाकला. दोघांच्याही वतीने.

नवरा घर सोडून गेला, सासूबाई गेल्या नाहीत. तो दवाखान्याच्या वरच्या खोलीत राहतो, आणि "मला तो जिना चढवत नाही" म्हणून त्या माझ्याकडे. वर म्हणतात, "मला तुमच्यात ओढू नका, मी तटस्थ आहे." या तटस्थ बाईंनी काल माझ्या हातचं पोटभर जेवून त्याला फोनवर कळवलं की आमटीत मीठ कमी होतं.

शनिवार, ६

वकीलबाई आल्या होत्या. दोघांत मिळून एकच वकील — लग्नानंतर आमचं पहिल्यांदा कशावर एकमत झालं असेल तर ते यावर. त्यांनी अर्ज वाचून दाखवला. "उभयतांमध्ये गेल्या सहा महिन्यांत कोणताही संवाद उरलेला नाही." ऐकायला फार भारदस्त वाटलं. आणि खरंच आहे ते.

नवल कसलं? मी दिवसभर बस स्थानकावर काचेआड बसून गाड्या पुकारते. बोलते मी, उलटून कोणी बोलत नाही. त्याचंही तेच. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला, तोंडात याची हत्यारं, आणि हा आपला राजकारणापासून हवामानापर्यंत बोलतोय. उत्तर ऐकायची सवय दोघांनाही नाही. संध्याकाळी घरी दोघं बोलायचो, पण एकाच वेळी. मग एक दिवस दोघंही गप्प झालो. कोण आधी, यावरही वाद आहे.

रविवार, ७

हसू की रडू!

आधी खूण लिहिते, नाहीतर पुढचं मलाच नंतर कळणार नाही. त्याला पान वाचायला चष्मा लागतो आणि तो चष्मा लावला की पडदा दिसत नाही. म्हणून पडद्यावर मी लक्ष ठेवायचं. नायकाने तोंड उघडलं की मी डॉक्टरला कोपर मारायचं, मग तो त्याचं वाक्य म्हणणार. ते संपलं की मी माझं. हे आमचं पहिल्यापासूनचं. आज खोलीत शिरल्यावर नमस्कार नाही, काही नाही. खुर्च्यांमध्ये शक्य तितकं अंतर. पण कोपर पोचायला हवं म्हणून शेवटी मीच सरकले.

सिनेमा टोप्यांच्या कारखानदाराच्या मुलीचा. ती लग्नातून पळते आणि एका पियानोचे सूर जुळवणाऱ्याच्या घरात लपते. त्याच्याकडे एक बदक. डॉक्टरने येताना जिन्यात पानं पाडली होती आणि अंधारात गोळा करून तशीच आणली होती. हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर नायक न्हाणीघरात जातो, टबात बदक बसलेलं. मी कोपर मारलं. डॉक्टर खालच्या आवाजात, मनापासून, बदकाला म्हणाला, "तुझ्याशिवाय मला झोप लागत नाही."

सभागृह हास्याने कोसळलं. ते वाक्य शेवटच्या प्रसंगातलं! त्याने भराभरा पानं उलटली, पुढचं कोपर बसलं तरी हवं ते पान काही मिळेना. पडद्यावर नायिका दारात येऊन दिव्याकडे बोट दाखवत काहीतरी ओरडत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "हा दिवा रात्रभर कोण चालू ठेवतं या घरात?"

कोपर.

"माझी आई," डॉक्टर म्हणाला.

"आईवर ढकलू नकोस. परवा तूच ठेवला होतास."

"परवा मी घरी होतो का?"

"तेच तर म्हणते मी!"

मग पानं बाजूला राहिली ती राहिलीच. सोफा माझ्या माहेरचा की त्याच्या पसंतीचा, गॅस कोणी चालू ठेवला, मावसबहिणीच्या लग्नात कोण रुसलं — सगळं त्या कारखानदाराच्या मुलीच्या आणि पियानोवाल्याच्या नावावर खपलं. ओठांशी जुळतंय की नाही कोण बघतो! काचेलगतच्या शेवटच्या रांगेत सासूबाई डोळे पुसत होत्या, हसून हसून. तटस्थ म्हणे.

संपल्यावर तो तडक निघून गेला. पानं माझ्याकडेच राहिली. कोपर दुखतंय.

सोमवार, ८

स्थानकावर साहेबांची बोलणी खाल्ली. आज तिन्ही फलाटांच्या गाड्या मी एका दमात पुकारल्या म्हणे, आणि एक म्हातारे गृहस्थ चौकशीच्या खिडकीशी येऊन विचारत होते, "त्या बाई कोणावर चिडल्यात?"

बुधवार, १०

वकीलबाईंच्या कानावर गेलंच. म्हणजे काय, त्या स्वतःच तिसऱ्या रांगेत होत्या.

"अर्जात लिहिलंय संवाद नाही, आणि तुम्ही भरल्या सभागृहात तासभर बोलत होतात!"

"बोलत नव्हतो, भांडत होतो."

"भांडायला संवाद लागतोच की हो."

आता सव्वीस तारखेपर्यंत हुकूम असा: काचेच्या खोलीबाहेर एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही, आणि खोलीत फक्त पानावर असेल तेवढंच. त्या स्वतः येऊन लक्ष ठेवणार आहेत.

रविवार, १४

खुर्च्या कमी पडल्या. लोक भिंतीला टेकून उभे. सेक्रेटरींची छाती फुगलेली.

आजचा सिनेमा एका घटस्फोटित जोडप्याचा. घरांच्या दलालाने चूक करून एकच बंगला दोघांना भाड्याने दिलाय आणि दोघांपैकी कोणीच हलायला तयार नाही. पानं बरोबर लावलेली, टाचणी मारलेली. वकीलबाई काचेबाहेर खुर्ची टाकून. आम्ही अगदी शहाण्या मुलांसारखं पानावरचं वाचलं. आणि तरी लोक खुर्चीतून पडायचे बाकी होते. म्हणजे मागच्या खेपेचं श्रेय सगळं आमचं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

मी विचार करत होते, इतकी जुनी माणसं, असले कपडे, असली घरं कोणी पाहिलेली नाहीत, मग आमच्या स्थानकातला वाहकसुद्धा का हसतो? आज माईकसमोर कळलं. ती दोघं वाऱ्याच्या वेगाने भांडतात, पण एकमेकांचा एक शब्द वाया घालवत नाहीत. त्याने "खिडकी" म्हटलं की हिने ती खिडकी उचललीच, आणि पुढच्या वाक्यात ती त्याच्याच डोक्यात घातली. असं भांडायचं तर कान टवकारून ऐकावं लागतं. आम्ही लग्नात भांडलो ते ऐकून न घेताच. मी माझं पुकारलं, त्याने त्याचं.

आणि या काचेच्या खोलीत? त्याचं वाक्य संपेपर्यंत मला थांबावंच लागतं. माझ्या कोपराशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही.

सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काय आवडतं या सिनेमांत? म्हणाल्या, "दोघं एवढं भांडतात, पण कोणी उठून जात नाही गं." मग लगेच, "मी सिनेमाबद्दल बोलतेय."

गुरुवार, १८

रविवारसाठी दोन चांगली भांडणं बाजूला काढून ठेवली आहेत. एक घरातल्या पडद्यांच्या रंगावरून, एक त्याच्या घोरण्यावरून. वापरता येणार नाहीत, माहीत आहे. तरी.

मला त्याची आठवण येते. लिहून टाकलं. आता हे पान उलटते.

रविवार, २१

शेवटचा खेळ. आणि डॉक्टरचा पत्ता नाही! कोणाची तरी दाढ अर्धी तुटून आत राहिली, असा निरोप. सेक्रेटरी घामाघूम. म्हटलं, घाबरू नका, दोन्ही आवाज मीच काढते.

काढले की. त्याचा खर्ज मला बरा जमतो. वाक्य कुठे लांबवतो, कुठे उगाच खाकरतो, सगळं पाठ. मनात आलं, ही संधी. नायकाच्या तोंडी घातलं, "बाईसाहेब, पडद्यांबाबत तुमचंच बरोबर होतं." लोक हसले. पण मला काही मजा येईना. भांडण जिंकले आणि करमेना — पत्त्यांचा डाव एकटीने दोन्ही हातांनी खेळावा तसं. मला तो "चूक तुझीच" म्हणायला हवा होता. त्याच्याच तोंडून.

शेवटच्या रिळाला दार उघडलं. धापा टाकत आला, अंगाला लवंगेच्या तेलाचा वास. बसला, चष्मा लावला, कोपर पुढे केलं. मी मारलं, जरा जोरातच. शेवटी नायक विचारतो, "परत येशील?" आणि नायिका म्हणते, "आधी तू नीट विचार." डॉक्टरने त्याचं वाक्य इतक्या हळू म्हटलं की मागच्या रांगांनी ओरडा केला. त्याला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने.

दिवे लागले. दोघंही उठलो नाही. तो म्हणाला, "शुक्रवारी—" आणि वकीलबाईंनी काचेवर टकटक केलं.

आता ठरलं. कोर्टात त्याने नुसतं तोंड उघडलं ना, की मी सांगणार: नको, नाही द्यायचा घटस्फोट.

बुधवार, २४

सासूबाई भाजी निवडता निवडता: "तो विचारत होता, ती काही म्हणते का."

मी: "आधी तो बोलू दे."

"तो म्हणाला, आधी ती सुरू करू दे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी? मी तटस्थ."

शुक्रवार, २६

झाला.

घटस्फोट झाला. हे मी लिहितेय तरी खरं वाटत नाही.

न्यायाधीशबाई चांगल्या होत्या. कागद चाळले, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "दोघांपैकी कोणाचा विचार बदललाय का? अजून वेळ आहे, सांगा." मी थांबले. सुरुवात नेहमी त्याची असते, त्याचं वाक्य, मग माझं. त्याच्याकडे पाहिलं तर वाचायचा चष्मा लावून, मान खाली घालून उभा, हातात अर्जाची प्रत. ओठ हलवतोय पण आवाज नाही. आमच्या मधोमध वकीलबाई, चांगल्या रुंद. न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारलं, "कोणीच काही बोलणार नाही?" मी आपली त्याच्या तोंडाकडे बघत उभी. मागे पुढच्या जोडप्याचं नाव पुकारलं गेलं, आणि सही झाली.

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्यावर खेकसला, "तू कोपर का नाही मारलंस?"

"तू वाक्य का नाही म्हटलंस?"

"कोपराशिवाय मी कधी बोललोय?"

"वकीलबाई मध्ये होत्या! त्यांच्या पोटातून मारू कोपर?"

तिथून फाटकापर्यंत, फाटकापासून बस थांब्यापर्यंत, एकही शब्द वाया न घालवता भांडलो. दोन बस सोडल्या. वकीलबाई मागून चालत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आता बोला हवं तितकं, माझी हरकत नाही." आणि घटस्फोट झालेल्या माणसांसारखे आम्ही आपापल्या बसमध्ये बसलो.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आता मी कोणाकडे राहतेय?"

मला रडू आलं. त्यांनाही. तटस्थपणा संपला एकदाचा.

रविवार, २८

सकाळी दार उघडलं तर डॉक्टर. इस्त्रीचा शर्ट, वाचायचा चष्मा, म्हणजे मी त्याला धूसरच दिसत असणार. हातात एकच पान. ओठ हलतायत, आवाज नाही. मी पुढे झाले आणि कोपर मारलं.