पानांची तोंडं

३ मे
काल सेनगावहून कुरुंद्याजवळच्या या शेतावर आलो. राखणदारी मिळाली, बायकोला, चंद्रभागालाही सोबत राहू दिलं. हिरव्या जाळीखाली कुंड्यांत सोयाबीन, शेजारी आमची पत्र्याची खोली. जीव खूश झाला.

इथं झाडांवर प्रयोग करणाऱ्या अपर्णा मॅडमनी यंत्रात पान मोठं करून दाखवलं. पानभर बारीक तोंडं, प्रत्येकाला दोन ओठ. झाड त्यातून श्वास घेतं, पाणी सोडतं. त्यांनी औषधाचा थेंब टाकला. थोड्या वेळानं सगळे ओठ मिटले! मुळाला तहान लागली की झाड स्वतःच हे औषध करतं, म्हणाल्या; त्याला संप्रेरक म्हणतात. मुळाला पाणी मिळालं की तोंडं पुन्हा उघडतात.

चंद्रभागा म्हणाली, "मॅडम, यांच्या तोंडावर बी टाका एक थेंब."

५ मे
मॅडमनी त्याच औषधाचा रिकामा कॅन फेकायला दिला. एवढा चांगला पांढरा कॅन! राखेनं तीनदा घासला, ओलं गोणपाट गुंडाळलं, प्यायचं पाणी भरलं. आमच्याकडं सगळेच करतात. तरी मनात किडा वळवळतो. चंद्रभागा हसली, वास न्हाई, चव न्हाई, काहून भेता?

८ मे
ऊन मरणाचं, आणि चंद्रभागाला घामच नाही. ती खूश. पण हात तव्यासारखा तापलाय. तोंडं मिटली की पानही तापतं, मॅडम म्हणाल्या होत्या.

९ मे
मलाही घाम नाही. कुंड्यांवर फवारलेलं औषध वाऱ्यानं येत असणार. खिडकी लावली. तिला आठ तांबे पाणी पाजलं. मॅडम परभणीला, फोन लागत नाही.

११ मे, सकाळ
तिचे ओठ मिटलेत. बोटांनी फाकवतो, पुन्हा मिटतात. नाकपुड्या आत ओढल्यासारख्या— दवाखान्याला न्यायला जीप तीन वाजता येणार. तोवर काय करू? मुळाला पाणी— हो, मुळाला. तिचे पाय परातीत ठेवलेत. ओततोय.

दुपार
ती सारखं बोट दाखवते. अजून ओत म्हणते, असं वाटलं. ओतलं. तिनं परात लाथेनं उडवली. परत भरली. तिच्या डोळ्यांतून पाणी— तेवढंच बाहेर येतंय.

बोट परातीकडं नव्हतं. माझ्या हाताकडं. हातात कॅन—

हाच. पाच तारखेपासून हाच—

चंद्रे, मी घासला होता गं, तीनदा—

ती हलत नाही. जीपचा हॉर्न वाजतोय रस्त्यावर. हाक मारायची आहे. माझेच ओठ उघड—