न धुतलेली सालं

प्रिय आई,

हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तू अक्षर लावत लावत वाचतेस, म्हणून मुद्दाम मोठं आणि सुटं लिहिते आहे. शेजारच्या काकू विचारतीलच, लेकीनं एवढं काय लिहिलंय म्हणून. त्यांना सांग, तब्येतीची चौकशी आहे. तुला खोटं बोलायला लावते आहे खरी, पण मी याहून मोठं खोटं बोलले आहे. ते पुढे येईलच.

माझं बरं चाललं आहे. प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल मिळालं. तुमच्या कारखान्यात रस काढून झाल्यावर जी संत्र्याची सालं उरतात ती इथे वाळवायची, दळायची, त्यातला तंतूंचा भाग वेगळा काढायचा, आणि बाटल्यांत वाढवलेल्या जिवाणूंना तो खाऊ घालायचा. हे जिवाणू आपल्या आतड्यात राहतात आणि आपलं भलं करतात. सालातला तो भाग आपल्याला पचत नाही, त्यांचं मात्र ते जेवण. हे फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, म्हणजे आपल्याला न पचणारं पाहुण्यांना वाढायचं होय, हे बरं शिकवतात तुम्हाला. मी दोन दिवस आठवून हसत होते. ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या मॅडमना मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोण म्हणालं, असं त्यांनी विचारलं असतं.

तुला आठवतं का, मी चौथीत होते तेव्हा बाकावरची मैत्रीण माझ्या वेणीचा वास घेऊन लांब सरकली होती? कारखान्यातल्या सालांच्या सरकत्या पट्ट्यावरून तू तशीच धावत घरी यायचीस आणि त्याच हातांनी माझी वेणी घालायचीस. मी घरी येऊन तणतणले, हात धुतल्याशिवाय मला हात लावू नकोस म्हणाले. तू रागावली नाहीस. नकटीचं नाक एवढंसं, पण थाट केवढा, एवढंच म्हणालीस. त्या दिवसापासून साबणानं तीनदा हात धुऊन, नखं ब्रशनं घासून मगच माझ्याजवळ यायला लागलीस. मला ते विशेष वाटलं नाही. आईचे हात असेच खरखरीत असतात, असंच मी धरून चालले होते.

दोन महिन्यांपूर्वी मी मॅडमबरोबर तुमच्या कारखान्यात आले, त्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. तू विषय काढला नाहीस आणि मी काढू दिला नाही. मुकादमांनी नमुने भरून द्यायला नेमकं तुलाच पुढे केलं. मॅडम शेजारी होत्या. मी तुझ्याकडे बघून म्हणाले, अहो मावशी, तुम्ही रोज थोडी थोडी सालं या पिशव्यांत भरून द्याल का? तू पापणीही न हलवता म्हणालीस, हो मॅडम, देईन की. तुझ्या पलीकडच्या बाईला हसू आवरेना, तिला तू कोपरानं ढोसलंस, तेही मी पाहिलं. मग तू विचारलंस, बारीक चिरून, धुऊन देऊ का? मी ऐकलं होतं, आई. पण मला तिथून कधी एकदा निघते असं झालं होतं. आणखी दोन वाक्यं बोललो असतो तर नाकडोळे सारखे आहेत हे मॅडमच्या लक्षात आलं असतं. मी म्हणाले, हो हो, तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा.

पिशव्या आल्या. सालं लख्ख स्वच्छ, एकसारखी चिरलेली, कसला म्हणून वास नाही. महिनाभर जिवाणू काही वाढेनात. जो भाग त्यांनी खायचा तो पाण्यात विरघळणारा, आणि तू तर गरम पाण्यानं तीनदा धुतलेली सालं पाठवत होतीस. पिशवी उघडल्याबरोबर मला ते कळायला हवं होतं. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा कळलंही. तरी मी कारखान्याला कळवायच्या कागदावर लिहिलं, नमुने भरणाऱ्या कामगार बाईंनी सूचना पाळल्या नाहीत, हाताळणीत निष्काळजीपणा झाला. खाली सही केली. नावापुढे पदवी लिहिली, आपल्या घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी नावापुढे लागलेली.

तुला पट्ट्यावरून काढून क्रेट धुवायला घातल्याचं मला तुझ्याकडून नाही, काकूंकडून कळलं. दिवसभर थंड पाण्यात, उभ्यानं. मी फोन केला तर तू म्हणालीस, बरं आहे गं, आता सगळं पाण्याचंच काम, हात आपोआप स्वच्छ राहतात. तू टोमणा मारला नव्हतास. टोमणा असता तर मला झोंबला असता आणि मी विसरलेही असते.

आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. ती बाई माझी आई आहे, धुऊन देऊ का असं तिनं विचारलं होतं आणि मीच हो म्हणाले होते. त्यांनी त्या कागदाची प्रत माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, प्रयोग फसला त्याचं काही नाही, खोटी नोंद केलीस त्याचं काय? मला यापुढे काम देतील की नाही, माहीत नाही. पण मुकादमांना द्यायचा नवा कागद मी लिहिला आहे आणि सोमवारी पहिल्या पाळीला स्वतः घेऊन येणार आहे. तो सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं वाचणार आहे. मी तुला आई म्हणून हाक मारीन. तू ओ दिली नाहीस तरी चालेल. हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, की मला तिथे अचानक पाहून तू घाईघाईनं नळाकडे जाशील. जाऊ नकोस. तुला पट्ट्यावर परत घेतलं, तर पहिली पिशवी माझ्यासमोर भर, जशी सालं पडतील तशी, आणि त्याच हातांनी माझ्या हातात दे.

तुझीच,
नकटी